कामकपात आणि आपले कर्तव्य





विहारात वंदना झाल्यावर नोटीस, वेतन आणि नुकसानभरपाई यांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विसंगत वाटेल. परंतु ज्या घरात कर्त्या माणसाचे काम सुटले आहे, त्या घरात पंचशीलाची खरी कसोटी त्याच दिवशी सुरू होते. पोट रिकामे असताना असत्य बोलू नये, चोरी करू नये, मद्याकडे वळू नये, हे सांगणे सोपे आणि आचरणे कठीण असते. म्हणून आजचा विषय धम्माच्या बाहेरचा नाही.

कारखान्यात, कचेरीत किंवा दुकानात एके दिवशी सांगितले जाते की व्यवस्थेची पुनर्रचना होणार आहे. दोन खाती एक होणार, नवे यंत्र येणार, काही कामे कंत्राटावर जाणार, काही माणसांच्या कामाचे स्वरूप बदलणार आणि काही माणसांची गरज राहणार नाही. हा शेवटचा शब्द कानी पडला की माणूस खचतो. तो कागद खिशात घालतो आणि घरी दाखवीत नाही. आठ दिवस डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. अखेर गोष्ट उघडकीस येते, तेव्हा शेजारची जुनी म्हातारी किंवा जवळचा नातलग म्हणतो, ''देव्हाऱ्यातले देव विसर्जित केलेत ना? भोगा आता. देवी कोपली.''

ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्या कुटुंबांना हे वाक्य किती खोल जखम करते, याची मला जाणीव आहे. तेव्हा आज मला एवढीच एक गोष्ट सांगावयाची आहे: काम जाणे हा कोणा देवीचा कोप नव्हे, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, आणि आपली लायकी कमी असल्याचा पुरावाही नव्हे. त्याला माणसांनी निर्माण केलेली कारणे असतात. जी गोष्ट माणसाने निर्माण केली, तिचा माणसाला जाब विचारता येतो. तो कसा विचारावा, याचे ज्ञान आपणांस हवे.

प्रथम आपला इतिहास पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांची कामकपात कधी झाली नाही. महार वतनात कोणालाही नोटीस मिळत नव्हती. कारण तेथे कोणी कोणाला नोकरीवर ठेवलेच नव्हते. माणूस जन्मतःच कामाला जुंपलेला होता. पाटलाचा निरोप पोचवावा, सरकारी खजिन्याबरोबर चालावे, मेलेले ढोर ओढावे, वेस राखावी, आणि बदल्यात थोडीशी इनाम जमीन व दारोदार मागितलेले बलुते घ्यावे. कामाला तास नव्हते आणि वेतनाला आकडा नव्हता. एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने ते काम करावयाचे. काम सुटण्याची भीती नव्हती हे खरे, पण काम सोडण्याचे स्वातंत्र्यही नव्हते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली.

वतन आणि नोकरी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. वतन जन्माने मिळते, नोकरी कराराने मिळते. करार दोन बाजूंचा असतो. तो संपू शकतो, ही त्याची उणीव दिसते. परंतु तो मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तसा संपविता येत नाही, ही त्याची शक्ती आहे. कारण द्यावे लागते, आगाऊ सूचना द्यावी लागते, केलेल्या वर्षांचा हिशेब करावा लागतो. ज्यांचे पूर्वज वतनात होते, त्यांनी नोटिशीच्या कागदाकडे भीतीने पाहू नये. तो कागद दुःखदायक असला तरी आपण कोणाचे बलुतेदार नाही, करार करणारे स्वतंत्र नागरिक आहोत, याची ती खूण आहे.

आता कारणांकडे वळू. हे असेल तर ते होते, आणि हे नसेल तर ते होत नाही, असा कार्यकारणभाव तथागतांनी शिकविला. तो केवळ ध्यानाच्या वेळी आठवावयाचा नाही. गिरणीच्या फाटकातही तोच लागू पडतो.

१९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत मोठा संप झाला. त्याच्या मुळाशी आज ज्यास पुनर्रचना म्हणतात तीच गोष्ट होती. त्या वेळी तिला सुसूत्रीकरण म्हणत. काही गिरण्यांत दोन माग चालविणाऱ्या विणकराकडे तीन माग देण्याची पद्धत सुरू झाली. हिशेब उघड होता: माग तेवढेच, कापड तेवढेच, माणसे कमी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या.

या संपात आपल्या माणसांची स्थिती काय होती? ज्या विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, त्या साळखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता. कारण असे सांगण्यात येई की धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागते, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा इतरांना चालणार नाही. बाबासाहेबांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि तो दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली पाहिजे असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घातली. कामगारांवर मालकांकडून होणारा अन्याय आणि कामगाराकडून कामगारावर होणारा अन्याय हे दोन्ही एकाच गिरणीत, एकाच छपराखाली नांदत होते. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवावरून. रेल्वेतील आपला माणूस गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होई, हे दुखणे त्या परिषदेपुढे होते.

यावरून एक नियम निघतो. पुनर्रचना येते तेव्हा ती सर्वांवर सारखी कोसळत नाही. ज्यांना चांगल्या खात्यात उशिरा प्रवेश मिळाला, ज्यांना हलक्या कामावरच ठेवले, त्यांच्यावर ती आधी येते. गिरण्यांतील कांडी आणि रीळ भरण्याच्या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. यंत्रे बदलत गेली तशी त्यांची संख्या घटत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर ज्यांना पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही, त्यांच्या घरांत आपली घरे थोडी नव्हती.

आजचे उदाहरण घ्या. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे. परंतु झाडलोट व स्वच्छता, पहारा, उपाहारगृह, माल चढविणे-उतरविणे ही कामे सामान्यतः मुख्य काम नव्हेत असे तिनेच ठरविले आहे. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्यास आली, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. जातीने जे काम बाहेरचे ठरविले, तेच पुनर्रचनेत कंत्राटाकडे प्रथम जाते. आणि सार्वजनिक आस्थापनेत कायम पद रद्द झाले की त्या पदाबरोबर असलेले आरक्षणही संपते. हा परिणाम कोठल्याही नोटिशीत लिहिलेला नसतो. तो आपण वाचावयाचा असतो.

कायद्याने आपणांस काय दिले, हे आता पाहू. त्यासाठी आपल्याच मुलखातील एक प्रसंग सांगतो. मिरज-कुर्डुवाडी-लातूर या मार्गावर बार्शी लाईट रेल्वे नावाची लहान रुळांची गाडी धावत असे. ती खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ती ताब्यात घेतली. कंपनीने आपल्या सर्व नोकरांची सेवा आदल्या दिवशी संपविली. त्याच सुमारास, १९५३ साली, औद्योगिक विवाद कायद्यात कामकपातीच्या भरपाईचे कलम आले होते. नोकरांनी भरपाई मागितली. कंपनी म्हणाली, धंदाच आमचा राहिला नाही, मग ही कपात कशी? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे म्हणजे कामकपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर त्यास कामकपात म्हणता येणार नाही. नोकरांना भरपाई मिळाली नाही.

तारीख ध्यानात घ्या. नागपूरच्या दीक्षेला सहा आठवडे झाले होते आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला नऊ दिवस उरले होते. तो निर्णय कामगारांच्या विरुद्ध गेला. पण गोष्ट तेथे संपली नाही. १९५७ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. धंदा दुसऱ्याकडे गेला किंवा बंद झाला तरी भरपाईचा हक्क राहील, असे ठरले. ज्यांनी प्रश्न विचारला ते त्या वेळी हरले. परंतु त्यांच्या प्रश्नामुळे पुढच्या पिढ्यांना हक्क मिळाला. प्रश्न विचारणे कधी वाया जात नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील आठवड्याचे काम ४८ तासांवर आणणारा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली झाला. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवावे, ही पद्धत त्यांनी दृढ केली. नोकरी विनिमय केंद्रांची उभारणीही त्याच काळात सुरू झाली. एका हाताने धम्म आणि दुसऱ्या हाताने कायदा, असा हा आपला वारसा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. तिच्यातील ठळक गोष्टी सांगतो. त्या घरी लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, कामातील बदल. वेतन, कामाचे तास, पाळी, रजा किंवा श्रेणी यांत कामगाराच्या हिताविरुद्ध बदल करावयाचा असेल, अथवा कपात होण्याचा संभव असलेले सुसूत्रीकरण करावयाचे असेल, तर मालकाने सामान्यतः २१ दिवस आधी सूचना दिली पाहिजे. हे २१ दिवस विचारासाठी, सल्ल्यासाठी आणि संघटनेकडे जाण्यासाठी असतात. ते रडण्यात घालवू नयेत.

दुसरी गोष्ट, कामकपात. ज्या कामगाराची एक वर्षाची सलग सेवा झाली आहे, त्यास कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन मिळाले पाहिजे. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळाले पाहिजे. सहा महिन्यांवरील अपुरे वर्ष पूर्ण धरले जाते. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सलग वर्ष मानले जाते; साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा यांची गणना त्यात होते.

तिसरी गोष्ट, कोणास काढावयाचे. एका प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो प्रथम जाईल, हा सामान्य नियम आहे. तो मोडावयाचा असेल तर मालकाने कारणे नोंदविली पाहिजेत. हा नियम आपणांस कधी जाचक होतो, कारण अनेक ठिकाणी आपणच शेवटी आत आलो आहोत. तरीही तो राखला पाहिजे. नियम गेला की त्याच्या जागी मुकादमाची मर्जी येते, आणि मर्जी कोणाकडे झुकते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ज्येष्ठता यादी मागा आणि तिच्यात आपले नाव कोठे आहे ते स्वतः पाहा.

चौथी गोष्ट, कपातीनंतर एका वर्षाच्या आत मालकाने पुन्हा माणसे घेतली, तर काढलेल्या कामगारांना प्रथम संधी दिली पाहिजे. पाचवी, पुनःकौशल्य निधी. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाप्रमाणे १५ दिवसांची रक्कम या निधीत भरावयाची असते आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची असते. सहावी, ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, खाणीत किंवा मळ्यात कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. ती वाढविल्याने हजारो लहान कारखान्यांतील कामगारांचे हे संरक्षण गेले, हे सत्यही आपण जाणले पाहिजे.

या तरतुदी कायद्याच्या व्याख्येतील कामगारासाठी आहेत. व्यवस्थापक, आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, या व्याख्येत बसत नाही. त्याने आपल्या नेमणूकपत्रातील अटी पाहाव्यात. दाद मागण्याची मुदतही आता तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. उद्या पाहू, असे म्हणणाऱ्यांचे कायदा ऐकत नाही.

नुसते नियम डोक्यात राहत नाहीत; हिशेब राहतो. समजा, एका भगिनीची सेवा १२ वर्षे ८ महिने झाली आहे आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तिचे मासिक वेतन २६,००० रुपये आहे. कपातीसाठी ही १३ वर्षे धरली जातील. अर्ध्या महिन्याचे १३,००० प्रमाणे भरपाई १,६९,००० रुपये. उपदान, म्हणजे ज्यास आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावयाचे. वर्षाला १५,००० प्रमाणे १,९५,००० रुपये. नोटीस दिली नसेल तर तिचे २६,०००. पुनःकौशल्य निधीचे १३,०००. एकूण ४,०३,००० रुपये. शिल्लक रजेचे पैसे आणि काम केलेल्या दिवसांचे वेतन वेगळे. ते वेतन काम सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत मिळाले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधी तर तिचा स्वतःचाच आहे; तो कोणी बक्षीस म्हणून दाखवू नये.

आता याच भगिनीला बंद खोलीत बोलावून सांगितले, ''बाई, कपातीचा शिक्का बसला तर पुढे कोठे काम मिळणार नाही. तुम्ही राजीनामा द्या, आम्ही मान राखून दोन लाख देतो,'' तर तिने काय करावे? राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती यांस कायदा कामकपात मानीत नाही. राजीनाम्याच्या एका सहीने भरपाईचे १,६९,०००, पुन्हा कामावर घेण्याचा अग्रहक्क आणि पुनःकौशल्य निधी हे तिन्ही जातात. मान राखण्याची भाषा ऐकून आपण विरघळतो, कारण मान आपणांस फार उशिरा मिळाला. परंतु मान हिशेबाच्या कागदात दिसला पाहिजे. स्वेच्छानिवृत्तीची योजना कधी खरोखर लाभाची असते. तशी असेल तर घ्यावी; पण दोन्ही हिशेब समोरासमोर मांडून, घरी आणून, संघटनेला दाखवून, मगच घ्यावी. त्याच दिवशी, त्याच खोलीत सही करा असे जो म्हणतो, त्याला एवढेच उत्तर द्यावे: ''कागदाची प्रत द्या. वाचून उत्तर देईन.''

मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मुदत संपून काम सुटले तर तीही कपात ठरत नाही. मात्र मुदतीच्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान मिळण्याची तरतूद नव्या संहितांत आहे. कायम कामगाराला ते सामान्यतः पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. आणि प्रसूतिरजेवर असलेल्या स्त्रीला त्या रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदेशीर आहे, हे प्रत्येक पतीने आणि सासूनेही जाणून घ्यावे.

नवदीक्षित कुटुंबांसाठी एक विशेष सूचना आहे. दीक्षेनंतर काहींनी नाव किंवा आडनाव बदलले. हा आपला अधिकार आहे आणि त्यात अभिमान आहे. परंतु हजेरीपटावर एक नाव, निधीच्या खात्यात दुसरे आणि बँकेत तिसरे असेल, तर संकटाच्या वेळी तुमचा पैसा तुमच्याच नावापाशी अडून राहतो. नाव बदलले की राजपत्रात प्रसिद्ध करा आणि सर्व कागदांवर एकसारखे करून घ्या. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र, बदलीचे आदेश यांच्या प्रती एका पिशवीत घरी ठेवा. वाद उभा राहिला तर २४० दिवस भरले हे दाखविण्याचा भार प्रथम कामगारावर येतो. आपल्या पूर्वजांजवळ लेखणी नव्हती, आपणांजवळ आहे.

दुसरी धमकी अशी दिली जाते की तुम्ही बौद्ध झालात, आता तुमचे आरक्षण गेले. याचा इतिहास समजून घ्या. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश प्रथम मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्यामुळे दीक्षा घेतलेल्या आपल्या वडिलधाऱ्यांना केंद्राच्या सवलती गमवाव्या लागल्या. त्यांनी त्या गमावल्या, पण धम्म सोडला नाही. अखेर १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही तो दर्जा मिळाला. चौतीस वर्षे लागली. तो तोटा देवीने केला नव्हता. एका सरकारी आदेशातील शब्दांनी केला होता, आणि शब्द बदलताच तो दूर झाला. देवीच्या कोपाची भाषा करणाऱ्या नातलगाला हे उदाहरण शांतपणे सांगा.

आता घराविषयी. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश केला. धन्याने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी आणि वेळोवेळी विश्रांती द्यावी, असे त्यात सांगितले आहे. सेवकाने काम नीट करावे आणि दिलेलेच घ्यावे, हेही सांगितले आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच धनी आणि सेवक यांचे नाते तथागतांनी परस्पर कर्तव्याचे ठरविले. त्याच उपदेशात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावे, एकावर निर्वाह करावा, दोन उद्योगात घालावे आणि चौथा संकटासाठी राखावा, असे आहे. आपल्या तुटपुंज्या पगारात चौथा भाग राखणे अनेकांना शक्य नाही, हे मी जाणतो. पण दहावा भाग राखा, विसावा राखा. लग्नात मांडव मोठा घालण्यापेक्षा संकटाच्या दिवसाचा साठा मोठा करा.

काम सुटलेल्या माणसाने पहिल्याच संध्याकाळी पत्नीला आणि जाणत्या मुलांना खरे सांगावे. असत्य न बोलण्याचे शील स्वतःच्या घरापासून पाळावयाचे असते. पत्नीने त्यास टोचून बोलू नये. भरपाईची रक्कम आली की पहिले सहा महिने घरभाडे, धान्य आणि शिक्षण यांसाठी बाजूला काढावे. सावकाराकडे जाऊ नये. नवस, अंगारे, ज्योतिषी यांच्या दारी पुन्हा उभे राहू नये. आणि काहीही झाले तरी मुलीची शाळा बंद करू नये. खर्च कमी करावयाचा म्हणून प्रथम मुलीचे शिक्षण थांबविणे, ही आपल्या घरात आपणच केलेली कामकपात आहे, आणि तिला नोटीसही नसते.

शेवटी विहाराविषयी. ज्या वस्तीत विहार आहे, त्या वस्तीत नोटीस हातात घेऊन कोणी एकटा बसता कामा नये. दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास कागदवाचन व्हावे. ज्याला नोटीस आली त्याने ती आणावी. वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी ती मोठ्याने वाचावी, तारखा लिहून घ्याव्यात, हिशेब मांडावा. नंतर कामगार संघटना, वकील किंवा मजूर खात्याचे कार्यालय यांच्याकडे त्याच्यासोबत दोघांनी जावे. संघ या शब्दाचा अर्थ एकत्र येणे असा आहे. भिक्खूंचा संघ आपणांस मार्ग दाखवितो; कामगारांचा संघ आपणांस फाटकाशी एकटे पडू देत नाही. मात्र अशा संघटनेत जाताना १९२८ चा धडा विसरू नका. तेथे आपला प्रश्न आपणच मांडला पाहिजे, नाहीतर तो मागण्यांच्या यादीत येत नाही.

मालकाचा द्वेष करा असे मी सांगत नाही. धंद्यात तोटा होतो, यंत्रे बदलतात, काही कामे खरोखर संपतात. अनित्यता ही कारखान्यालाही लागू आहे. परंतु अनित्यतेचे तत्त्व सांगून कोणी देणे बुडवू लागला, तर त्यास सांगा की सर्व अनित्य आहे हे खरे; म्हणूनच आमचा हिशेब आजच करा.

बंधू-भगिनींनो, परिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले. आज घरी गेल्यावर एवढे करा. आपले नेमणूकपत्र शोधा, सेवेची वर्षे मोजा, आणि मी सांगितलेला हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून पाहा. ती नोटीस कदाचित कधीच येणार नाही. आली, तर त्या रात्री तुमच्या घरात तो हिशेबाचा कागद असेल, आणि देवीचे नाव घेण्याची कोणास गरज पडणार नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.